आईच्या लिव्हरमध्ये गाठ सांगितलीय, गुरुवारी बायोप्सी आहे, कोणी रिपोर्ट समजावून सांगेल का? (नंतरचे अपडेट प्रतिसादांत)

निफाडची_लेक | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. टाईप करताना हात थरथरतायत.

आई ६१ वर्षांची, सायखेड्याजवळ आमची शेती आहे, थोडी द्राक्षं बाकी कांदा. मी लग्न होऊन नाशकात इंदिरानगरला. दिवाळीपासून आईचं जेवण कमी झालं, दोन घास खाल्ले की पोट गच्च झालं म्हणायची, उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणायची. आम्हाला वाटलं अॅसिडिटी. मग संक्रांतीला गेले तर चेहरा वाळलेला, दंड काठीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेलं, परकराची नाडी बांधायला पुरत नाही म्हणून तिने दुसरी नाडी जोडली होती. डोळे जरा पिवळे. शेजारच्या काकू म्हणाल्या कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध घ्या, दोन आठवडे तेही झालं.

मग नाशिकला आणून सोनोग्राफी केली. लिव्हर १८.६ सेमी, वाढलेलं, उजव्या भागात ४.२ बाय ३.५ सेमीची अस्पष्ट कडांची गाठ, पोटात पाणी. पुढे सीटी केला, त्यात लिव्हरमध्ये ठिकठिकाणी डागाळलेला भाग, आणि शेवटच्या ओळीत कॅन्सर पसरलेला असण्याची शंका. रक्तात सीए-१२५ आला ३१२, नॉर्मल ३५ पर्यंत असतो. बिलिरुबिन २.६, एसजीपीटी ५८, अल्कलाइन फॉस्फेटेज २१०, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.६. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढतो तो एएफपी मात्र ३.२ म्हणजे नॉर्मल. पोटातलं पाणी काढून तपासलं, त्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत असं आलंय पण डॉक्टर म्हणाले एकदा नाही आल्या म्हणजे नाहीत असं नसतं.

गुरुवारी सुई घालून लिव्हरचा तुकडा काढणार. भाऊ म्हणतोय बाग व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकू आणि मुंबईला टाटाला नेऊ. घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही. आईला काही सांगितलेलं नाही पण तिला कळलंय, काल मला म्हणाली माझ्या पाटल्या तुला आणि मोहनमाळ वहिनीला.

कोणी यातलं जाणकार असेल तर प्लीज सांगा, मुंबईला थेट जावं की इथेच बायोप्सी करावी?

पंचवटीकर | रविवार, रात्री ११:५८

ताई धीर सोडू नका. माझ्या काकांचे सगळे उपचार टाटालाच झाले. पहाटेच्या गाडीने गेलात तर सकाळी नंबर लागतो, जुने सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी सोबत ठेवा, नुसती फिल्म नको. राहायची सोय आधी बघून जा.

मखमलाबादची_सून | सोमवार, सकाळी ७:१०

अगं काळजी घे गं. आणि ते कावीळीचं झाडपाल्याचं औषध आधी बंद कर, लिव्हर आधीच दुखावलेलं असताना त्यात काय आहे हे माहीत नसलेली पूड नको.

डॉ_गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७:४५

मी फिजिशियन आहे. ऑनलाइन निदान करत नाही आणि पेशंट न बघता तुमच्या डॉक्टरांना चूकही ठरवणार नाही, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांत एक-दोन गोष्टी खटकतायत म्हणून विचारतो.

आईचा टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का? तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, त्यात हृदयाबद्दल एकही शब्द नाही. पोटातल्या पाण्याचा पूर्ण रिपोर्ट असेल तर त्यात प्रोटीन किती आणि एसएएजी (रक्तातल्या आणि त्या पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) किती लिहिलंय ते टाका. सीटीचा रिपोर्ट नुसता शेवटच्या ओळीचा नको, सगळा वाचा, दुसरं पान असेल तर तेही, त्यात लिव्हरच्या शिरा, खालची महाशीर म्हणजे आयव्हीसी, आणि हृदयाचा आकार याबद्दल काही आहे का बघा.

आणि आज आईकडे जाणार असाल तर चार गोष्टी स्वतः बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि खड्डा राहतो का बघा. तिला पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवा, मान किंचित डावीकडे, उजेड आडवा पडेल असं, आणि उजव्या बाजूला कानाच्या पाळीखाली शीर फुगलेली किंवा उडताना दिसते का बघा. रात्री सपाट झोपते का ते विचारा. आणि लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का तेही विचारा. हा शेवटचा प्रश्न तिला एकटीला विचारा.

सिडकोवाला | सोमवार, सकाळी ९:०२

डॉक्टरसाहेब, लिव्हरच्या गाठीचा हृदयाशी काय संबंध? समजलं नाही म्हणून विचारतोय.

डॉ_गोदाकाठ | सोमवार, दुपारी २:२०

ओपीडी संपवून लिहितोय. ताई सायखेड्याच्या आहेत म्हणून त्यांच्याच गावचं सांगतो. गोदावरीला पूर आला की सायखेडा चांदोरीत पाणी शिरतं, ते काही सायखेड्यात जास्त पाऊस पडला म्हणून नाही, खाली नांदूरमध्यमेश्वरला पाणी अडतं आणि त्याचा फुगवटा मागे येतो. गावात पाणी दिसतं, पण अडथळा खाली असतो.

लिव्हरचं तसंच आहे. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं, त्यातला चौथा भाग लिव्हरमधून जातो. हे सगळं रक्त तीन मोठ्या शिरांतून आयव्हीसीत पडतं आणि तिथून दोन बोटांवर हृदयाचा उजवा कप्पा. मध्ये परतीचं पाणी अडवेल अशी झडप नाही. उजव्या बाजूचा दाब वाढला की तो जसाच्या तसा लिव्हरवर येतो. लिव्हर सुजतं, त्याच्या वरचं आवरण ताणलं जातं म्हणून बरगडीखाली दुखतं, जठरावर दाब येतो म्हणून दोन घासांत पोट भरतं, पोटात पाणी होतं. भूक नाही, स्नायू वाळतात, पोट वाढतं, डोळे पिवळे, हे वर्णन कोणालाही कॅन्सरसारखंच वाटेल. म्हणून चूक होते, आणि चांगल्या डॉक्टरांकडूनही होते.

ताईंच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि एसजीपीटी जेमतेम वाढलेलं, हा नमुना रक्त तुंबलेल्या लिव्हरमध्ये नेहमी दिसतो. सीए-१२५ हा फक्त अंडाशयाच्या कॅन्सरचा आकडा नाही, पोटाच्या किंवा छातीच्या आतल्या पातळ अस्तराला पाण्याने ताण बसला की ते अस्तरच हा पदार्थ सोडतं, हार्ट फेल्युअरमध्ये पुरुषांतसुद्धा वाढलेला सापडतो. याचा अर्थ कॅन्सर नाहीच असं मी म्हणत नाही. एको होईपर्यंत दोन्ही दारं उघडी आहेत एवढंच म्हणतोय.

निफाडची_लेक | सोमवार, रात्री १०:३०

आज अर्धा दिवस सुट्टी टाकून गावी जाऊन आले. सगळं लिहिते.

पाय. ती साडी नेसते आणि पायावर पदर सोडून बसते त्यामुळे कोणी बघितलंच नव्हतं. अंगठा दाबला तर एवढा खोल खड्डा राहिला की त्यात हरभऱ्याचा दाणा मावेल, मी मोजलं, बऱ्याच वेळाने भरला. जोडवी तिने महिनाभरापूर्वीच काढून डब्यात ठेवलीत, रुततात म्हणून.

मान. भावाने मोबाईलचा टॉर्च बाजूने धरला. कानाच्या अगदी खाली शीर, उडतेय स्पष्ट. आम्ही दोघं बघतच राहिलो, इतके दिवस समोर बसून बोलत होतो तिच्याशी.

झोप. सपाट झोपत नाही. दोन महिने झाले, माजघरात भिंतीला टेकून, पाठीमागे गोधडीची वळकटी लावून बसल्या बसल्या झोपते. वडलांना वाटलं पोट दुखतं म्हणून.

आणि शेवटचा प्रश्न. वहिनीला चहाला पाठवलं आणि विचारलं. आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली सातवीत असताना गुडघे सुजले होते, मग घोटे, मग मनगट, ताप होता, आणि नंतर दर २१ दिवसांनी कमरेत सुई घ्यायला माझे आजोबा तिला सायकलवर बसवून निफाडला न्यायचे. खूप दुखायची ती सुई. चार-पाच वर्षं घेतली. मग लग्न ठरलं आणि आजीने सांगितलं सासरी यातलं काही बोलायचं नाही, मुलीला हृदयाचं काहीतरी आहे म्हणून स्थळ मोडेल. सुई तिथेच बंद. ४३ वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नाही, वडलांना सुद्धा नाही. माझ्या वेळी बाळंतपणात जीव घाबरायचा, धाप लागायची, तेव्हाही नाही. मला म्हणाली तू कुणाला सांगू नको. मी इथे नाव न घेता लिहितेय कारण यातून कोणाच्या तरी आईचा उपयोग होईल.

सीटीचा रिपोर्ट दोन पानी आहे. आम्हाला ज्या दवाखान्यात समजावून सांगितलं तिथे पहिल्या पानाचं आणि निष्कर्षाचं सांगितलं. दुसऱ्या पानावर मध्येच एक ओळ आहे: हृदयाचा आकार वाढलेला, आयव्हीसी आणि हिपॅटिक शिरा फुगलेल्या, उजव्या फुफ्फुसाभोवती थोडं पाणी. ही ओळ आम्हाला कोणीच वाचून दाखवली नाही. त्याचा मला राग आहे आणि राहील.

पोटातल्या पाण्यात प्रोटीन ४.१, एसएएजी १.६.

एको झालेला नाही. ईसीजी पण नाही.

डॉ_गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:५५

उद्या सकाळी पहिलं काम एको आणि ईसीजी. बायोप्सी रद्द करू नका, पुढे ढकला, आणि तुमच्या डॉक्टरांना भेटून सांगा की लहानपणी संधिवाताचा ताप होता आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती. एवढं एक वाक्य ऐकलं की कोणीही डॉक्टर थांबेल, त्यांना हे माहीतच नव्हतं.

पाण्याबद्दल. एसएएजी १.१ किंवा जास्त म्हणजे पाणी शिरांतल्या दाबामुळे आलंय. कॅन्सर पोटाच्या अस्तरावर पसरून पाणी झालं तर हा आकडा सहसा कमी असतो. आणि लिव्हर सिऱ्होसिसमध्ये दाबाचं पाणी असतं पण त्यात प्रोटीन सहसा २.५ च्या खाली असतं. दाब जास्त आणि प्रोटीनही जास्त, ही जोडी हृदयाकडे बोट दाखवते. अजून एक, तुंबलेल्या लिव्हरला सुई लागली तर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यात आयएनआर १.६ आणि पोटात पाणी. तुकडा घ्यायचीच वेळ आली तर मानेच्या शिरेतून नळी घालून घेण्याचा सुरक्षित मार्ग असतो.

धाप वाढली, ओठ निळसर वाटले तर सकाळची वाट बघू नका.

फिल्म_आणि_सावली | मंगळवार, सकाळी ६:५०

मी रेडिओलॉजिस्ट, नाशिकमध्येच. ताईंचा राग समजतो, ती ओळ निष्कर्षात यायला हवी होती, यात दुमत नाही. आमच्या खोलीत काय दिसतं तेही सांगतो, म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

जायफळ किसून वापरतो आपण, पण कधी मधून आडवं कापून बघा, आत गडद तपकिरी आणि फिकट रेषांची नक्षी असते. रक्त तुंबलेलं लिव्हर कापलं तर तसंच दिसतं, पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत त्याचं नावच जायफळी लिव्हर आहे. सीटीत डाय दिल्यावर हेच चित्र ठिगळांसारखं दिसतं, कुठे डाय लवकर पोचतो कुठे उशिरा. त्या ठिगळांतलं एखादं मोठं आणि गोलसर असलं की गाठ वाटते. ओळखायची खूण म्हणजे त्या भागातून जाणाऱ्या शिरा सरळ जातात, ढकलल्या जात नाहीत. दुसरी खूण, हाताच्या शिरेतून दिलेला डाय हृदयात जाऊन पुढे जाण्याऐवजी उलटा आयव्हीसीत आणि लिव्हरच्या शिरांत उतरलेला दिसतो.

पण खरी अवघड गोष्ट पुढे आहे. खूप वर्षं रक्त तुंबलं की लिव्हरमध्ये खऱ्याखुऱ्या गाठी पण होतात, रक्तपुरवठ्याच्या गडबडीमुळे पेशी वाढून झालेल्या, कॅन्सर नसलेल्या. त्या डाय धमन्यांतून येतो त्या पहिल्या टप्प्यात चमकतात आणि कधीकधी नंतर फिक्या पडतात, म्हणजे हुबेहूब लिव्हरच्या कॅन्सरसारख्या. म्हणूनच लिव्हरच्या गाठींना श्रेणी देण्याची लाय-रॅड्स नावाची जी पद्धत आम्ही वापरतो ती हृदयामुळे खराब झालेल्या लिव्हरला लावायची नाही असं तिच्या नियमांतच आहे. आता माझ्यासमोर जो कागद येतो त्यावर लिहिलेलं असतं 'पोटदुखी, वजन कमी'. बस. मला तुंबलेलं हृदय माहीत नसेल तर माझं मन कॅन्सरकडेच जाणार. म्हणून हात जोडून विनंती, सीटीला जाताना फॉर्मवर जुने आजार लिहायला लावा, डॉक्टरांनी नाही लिहिलं तर आत टेक्निशियनला तोंडी सांगा, आम्हाला निरोप पोचतो.

निफाडची_लेक | मंगळवार, सायं. ६:१५

एको झाला. डावीकडची मायट्रल झडप खूप आकसलीय, तिचं तोंड ०.९ चौ. सेमी उरलंय, डॉक्टर म्हणाले नॉर्मल ४ ते ६ असतं. उजवीकडची झडप जोरात गळतेय, फुफ्फुसाच्या धमनीचा दाब ६८, आयव्हीसी २.६ सेमी आणि श्वास घेतल्यावर दबत नाही. ईसीजीत ठोके अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन. ईएफ ६०.

हृदयाच्या डॉक्टरांनी एकोच्या खोलीतच आईचा हात धरून सांगितलं की आजी तुमचं लिव्हर हृदयाचा भार वाहतंय, आधी आपण हृदयाकडे बघू. बायोप्सीवाल्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकून म्हणाले थांबूया, मलाही हेच योग्य वाटतं. अॅडमिट केलंय.

सिडकोवाला | मंगळवार, सायं. ७:३०

हे वाचून अंगावर काटा आला. पण ईएफ ६० म्हणजे हृदय चांगलं ना? माझ्या रिपोर्टमध्ये ईएफ ६० आलं तर डॉक्टरांनी नॉर्मल आहे जा घरी सांगितलेलं.

डॉ_गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

ईएफ डाव्या पंपाचा जोर सांगतो, बाकी काही नाही. इथे पंप चांगला आहे, त्याच्या आधीचं दार आकसलंय. दारामागे रक्त साठलं, ते फुफ्फुसात तुंबलं, फुफ्फुसाचा दाब उजव्या बाजूवर आला, उजवी बाजू थकली आणि लिव्हरमध्ये फुगवटा. सुरुवात सातवीतल्या सुजलेल्या गुडघ्यांपासून. घशाच्या जंतूंशी लढताना शरीर चुकून झडपेवर हल्ला करतं, आणि ती २१ दिवसांची सुई झडप वाचवण्यासाठीच असते. तुमचं ईएफ ६० आलं, त्रास काही नाही आणि झडपा ठीक असतील तर तुम्ही निर्धास्त राहा.

सिन्नर_घाट | मंगळवार, रात्री ११:१५

ताई तुमचा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या धाकट्या भावाचं, वय ३४. पोटात पाणी, पायाला सूज, लिव्हर मोठं. पावणेदोन वर्षं त्याला एका दवाखान्यात दारूचं लिव्हर म्हणून औषधं दिली. तो दारूला शिवत नाही. डॉक्टर विचारायचे खरं सांग, वडील विचारायचे खरं सांग, बायको माहेरी गेली. एकदा त्याने देवघरात उभं राहून शपथ घेतली आणि वडील तरी तोंड फिरवून गेले, ते मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे बाजूने काढला, हृदयाभोवती अंड्याच्या कवचासारखी पांढरी कड. जुन्या टीबीमुळे हृदयाचं आवरण कडक झालेलं, हृदयाला पसरायलाच जागा नाही, रक्त मागे लिव्हरमध्ये. ऑपरेशन करून ते आवरण काढलं. आज तो अंबडला कंपनीत शिफ्ट करतो. पण ती पावणेदोन वर्षं कोण परत देणार.

पोटात पाणी आहे आणि कारण सापडत नाहीये तर मानेच्या शिरा बघा, एवढं प्रत्येकाला सांगत असतो मी.

मखमलाबादची_सून | बुधवार, सकाळी ८:००

सिन्नर_घाट दादा, वाचून डोळे भरले. वडील आता बोलतात ना त्याच्याशी?

सिन्नर_घाट | बुधवार, सकाळी ८:४०

बोलतात. ऑपरेशनच्या रात्री रिकव्हरीच्या बाहेर बाकावर झोपले होते, उठवलं तरी घरी आले नाहीत. त्याची बायको पण परत आली.

निफाडची_लेक | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

आज घरी सोडलं. ५८ किलो होती अॅडमिट करताना, आज ४९.५. सहा दिवसांत साडेआठ किलो पाणी. लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स शिरेतून चालू होतं, सिस्टर लघवीचं माप घेऊन तक्त्यावर लिहायच्या, रोज पोटॅशियम तपासायचे. तिसऱ्या दिवशी रात्री मी पाहिलं तर ती एका कुशीवर उशीवर डोकं ठेवून आडवी झोपली होती. किती वेळ नुसती बघत बसले.

चौथ्या दिवशी म्हणाली भूक लागलीय, पिठलं भाकरी आण. मीठ कमी घालून केलं, खाल्लं सगळं.

आता गोळ्या: पाण्याची, ठोके कमी करायची, आणि एसिट्रॉम रक्त पातळ राहण्यासाठी. आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा आहे. मेथी पालक बंद नाही केलं, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा म्हणाले, एक दिवस पातेलंभर आणि मग आठ दिवस नाही असं नको. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून जरा कमीच, त्यात भाजी आमटी भाकरी सगळं आलं. पापड, लोणचं, ठेचा बंद, हे तिला सगळ्यात जड गेलं. मी पाण्याची स्टीलची एक बाटली आणून दिलीय, दीड लिटर, सकाळी भरायची, चहा ताक पण त्यातच मोजायचं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर काही खायच्या आत वजन. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर फोन करायचा.

वडलांना मी सांगितलं सातवीतलं. आईची परवानगी घेऊन. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले, अर्ध्या तासाने येऊन तिच्याजवळ बसले आणि म्हणाले आधी सांगितलं असतं तर मी नेलं असतं सुईला.

पंचवटीकर | पुढचा सोमवार, रात्री १०:०५

फार बरं वाटलं ताई. झडपेच्या खर्चाचं काही ठरलंय का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या झडपांचे उपचार बसतात, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा, बिल झाल्यावर नाही.

ओझरकर | पुढचा मंगळवार, सकाळी ७:२०

सगळ्यांच्या आनंदात विघ्न आणायचं नाही, पण हे लिहिणं माझं कर्तव्य आहे. माझ्या वडलांना फुफ्फुसाच्या जुन्या आजाराने उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर होतं, लिव्हरमध्ये डाग दिसला, आम्हाला सांगितलं हृदयामुळे आहे, सूज उतरल्यावर परत स्कॅन करा. सूज उतरली, ते फिरायला लागले, आणि आम्ही परत स्कॅन केला नाही. आठ महिने. आमचीच चूक, कोणाला दोष देत नाही. तो डाग खरा निघाला, एएफपी हजारांत गेलेलं. बरीच वर्षं तुंबलेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होऊ शकतो.

ताई, आई कितीही बरी दिसली तरी तो दुसरा स्कॅन चुकवू नका.

निफाडची_लेक | पुढचा मंगळवार, सकाळी ७:५५

ओझरकर काका, तुमचा प्रतिसाद मी भावाला आणि वहिनीला वाचून दाखवला. सहा आठवड्यांनी एमआरआय ठरलाय, मी स्वतः नेणार. वडलांबद्दल फार वाईट वाटलं.

डॉ_गोदाकाठ | पुढचा मंगळवार, दुपारी ३:००

ओझरकरांना पूर्ण अनुमोदन. हृदय सापडलं म्हणून लिव्हरची फाईल बंद होत नाही. सूज उतरल्यावर जे जातं ते फुगवट्याचं होतं, जे राहतं त्याचा माग काढत राहायचा.

निफाडची_लेक | सात आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:१०

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून अपडेट.

एमआरआय परवा झाला. यावेळी फॉर्मवर मी स्वतः सगळं लिहून घेतलं आणि आतल्या दादांना तोंडीही सांगितलं. लिव्हर १८.६ वरून १५.१ सेमी. ती ४.२ सेमीची 'गाठ' कुठेच नाही, ठिगळं पण जवळपास गेलीत. पोटात पाणी नाही. सीए-१२५ ३१२ वरून ४४. बिलिरुबिन १.१.

पण एक छोटा ठिपका राहिलाय, १.२ सेमी, डाव्या भागात, पहिल्या सीटीत तो वेगळा कळलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले रक्तपुरवठ्यामुळे झालेली साधी गाठ असण्याची शक्यता जास्त आहे, एएफपी नॉर्मल आहे, पण तीन महिन्यांनी परत बघायचंच. मला पोटात धस्स झालं. मग इथलं फिल्म_आणि_सावली यांचं जुनं लिहिलेलं परत वाचलं आणि जरा शांत झाले.

झडपेचं असं आहे की मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडता येईल म्हणाले, तशी ती अजून फार कडक झालेली नाही. पण त्याआधी अन्ननलिकेतून एको केला तर डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची छोटी गुठळी दिसली. फुगा नेताना ती सुटून मेंदूत जाऊ शकते म्हणून आधी एसिट्रॉमने ती विरघळू द्यायची, मग परत बघायचं. आयएनआर दर पंधरा दिवसांनी. योजनेचे कागद आरोग्यमित्रांनी बघितलेत, बसतंय. पंचवटीकर दादा, तुमचे आभार.

बाग उक्ती दिली नाही. भावाने स्वतः माल काढला.

फिल्म_आणि_सावली | शनिवार, रात्री ९:२५

१.२ सेमीचं ऐकून झोप उडवून घेऊ नका. पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, आणि जुनी सीडी सोबत न्या. बारीक ठिपक्यात जुन्याशी शेजारी ठेवून बघणं सगळ्यात महत्त्वाचं असतं, नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही.

मखमलाबादची_सून | शनिवार, रात्री ९:४०

पाटल्या कोणाकडे आहेत आता?

निफाडची_लेक | शनिवार, रात्री १०:०२

आईच्याच हातात. मधे सूज उतरल्यावर मोठ्या व्हायला लागल्या म्हणून दोरा गुंडाळून घेतलाय आतून.

तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयची तारीख तिने स्वतः कॅलेंडरवर लिहिलीय, रोजच्या वजनाच्या आकड्यांच्या खाली. आजचं ४८.६.